शाळेनेच बंदी घातली, तरी पोरांनी चोरून वापरली : लुई ब्रेलच्या सहा ठिपक्यांची गोष्ट

लिफ्टच्या बटणाशेजारी, एटीएमच्या कीपॅडवर, कधी औषधाच्या खोक्यावर बोटाला बारीक ठिपके लागतात. ती ब्रेल लिपी, एवढं आपल्याला माहीत असतं. लुई ब्रेल नावाच्या अंध माणसाने ती तयार केली, हेही शाळेत कधीतरी कानावरून गेलेलं असतं.

पण या गोष्टीतला एक भाग सहसा सांगायचा राहून जातो. अंध मुलांसाठी शाळा आणि पुस्तकं लुईच्या आधीही होती. हाताला लागतील अशी उठावाची अक्षरंही होती. तरी मुलांना धड वाचता येत नव्हतं आणि लिहिता तर अजिबात येत नव्हतं. आणि लुईने खरोखर चालणारी लिपी शोधली, तेव्हा तो ज्या शाळेत शिकला आणि शिकवत होता, त्याच शाळेने तिच्यावर बंदी घातली.

असं का झालं, हे समजून घेतलं की आजच्या ऑनलाइन नोट्स, पीडीएफ आणि व्हिडिओंच्या जगात अंध विद्यार्थी नेमका कुठे अडकतो, तेही समजतं.

बापाच्या कारखान्यातली आरी

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा. पॅरिसच्या पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवर कुव्रे नावाचं गाव आहे. तिथे त्याचे वडील सिमों-रने ब्रेल घोड्यांची खोगीरं, लगाम, पट्टे बनवायचे. घराला लागूनच कारखाना. चामडं कापायची, भोकं पाडायची हत्यारं तिथे पडलेली असायची.

लुई तीन वर्षांचा असताना या हत्यारांशी खेळत होता. चामड्याला भोक पाडायची टोकदार आरी निसटली आणि एका डोळ्यात घुसली. त्या काळात ना अँटिबायोटिक होतं, ना जंतुसंसर्ग म्हणजे काय याची नीट कल्पना. जखम चिघळली आणि दुसऱ्या डोळ्याचीही नजर गेली. पाच वर्षांचा होईपर्यंत लुईला दिसणं पूर्ण बंद झालं होतं.

त्या काळच्या युरोपात गरिबाघरच्या अंध मुलासमोर बहुतेक वेळा भीक मागणं एवढाच मार्ग असायचा. लुईच्या घरच्यांनी तसं होऊ दिलं नाही. गावचे पाद्री जाक पालुई त्याला शिकवू लागले. मग तो गावच्या शाळेत इतर मुलांबरोबर बसायला लागला. नुसतं ऐकून तो इतरांच्या बरोबरीने शिकायचा. पण पुस्तक उघडायची वेळ आली की त्याचं काम थांबायचं.

अखेर ओळखी-पाळखीतून खटपट झाली, शिष्यवृत्ती मिळाली, आणि फेब्रुवारी १८१९ मध्ये दहा वर्षांचा लुई पॅरिसच्या अंध मुलांच्या शाही संस्थेत दाखल झाला.

पुस्तकं होती, पण कोणासाठी?

ही शाळा व्हॅलेंटीन आवी या माणसाने १७८५ मध्ये सुरू केली होती. अंध मुलंही शिकू शकतात, हे त्याने तेव्हाच्या फ्रान्सला दाखवून दिलं होतं. हे काम मोठंच होतं. पण वाचनासाठी त्याने जी पद्धत काढली, तिच्यात एक अडचण होती.

आवीने नेहमीचीच रोमन अक्षरं मोठी करून घेतली आणि ओल्या जाड कागदावर दाबून त्यांचा उठाव काढला. कागद वाळला की मुलांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवायचं आणि आकार ओळखायचा.

डोळ्यांनी बघणाऱ्याला ही कल्पना एकदम पटते. आपण वाचतो तीच अक्षरं त्यांनाही द्यायची, फक्त हाताला लागतील अशी. त्यात काय अवघड?

अवघड हे की डोळा आणि बोट यांचं काम वेगळं चालतं. डोळा अख्खा शब्द एका नजरेत टिपतो. बोटाला मात्र एकेका अक्षराच्या वळणावरून फिरावं लागतं. ओ, सी, जी, क्यू ही रोमन अक्षरं एकमेकांपासून वेगळी ओळखायची, तर प्रत्येकाचा कोपरान् कोपरा चाचपावा लागायचा. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायला व्हायची. अक्षरं मोठी, म्हणून पुस्तकं अवजड. अवजड, म्हणून महाग. आणि महाग, म्हणून मोजकीच.

सगळ्यात मोठी गोम वेगळीच होती. या पद्धतीत मुलाला स्वतः लिहिता यायचं नाही. छापखान्यात खिळे जुळवून जे छापलं जाईल, तेच वाचायचं. स्वतःची टिपणं काढणं, दोस्ताला चिठ्ठी लिहिणं, हिशेब मांडणं यातलं काहीच नाही.

थोडक्यात, आवीची पुस्तकं अंध मुलांसाठी होती, पण ती बनवताना डोळस माणसाची सोय धरली होती. शिक्षकाला ती बघून वाचता येत होती. मुलाला ती बोटाने वाचणं जड जात होतं.

बारा ठिपक्यांचे सहा झाले

१८२१ मध्ये शाळेत एक नवीन पद्धत आली. तिचा कर्ता शार्ल बार्बिए, एक माजी तोफखाना अधिकारी. त्याने अक्षरांचे आकार सरळ बाजूला ठेवले आणि नुसते ठिपके घेतले. फ्रेंच भाषेतले आवाज त्याने एका तक्त्यात मांडले होते. आवाज कितव्या ओळीत आणि कितव्या रकान्यात आहे, ते ठिपके मोजून सांगायचं. त्यासाठी दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत जास्तीत जास्त सहा ठिपके, म्हणजे एकूण बारा.

मुलांना पहिल्यांदाच बोटाला पटकन कळणारी खूण मिळाली. कागदावर टोच्याने स्वतः लिहिताही येऊ लागलं.

पण अडचणी होत्याच. बारा ठिपक्यांचा चौकोन एवढा उंच व्हायचा की तो बोटाच्या टोकाखाली एकदम मावायचा नाही. बोट वरखाली फिरवावं लागायचं. शिवाय ही पद्धत नुसत्या उच्चारांची होती. स्पेलिंग नाही, विरामचिन्हं नाहीत, आकडे नाहीत, संगीताच्या खुणा नाहीत. कामचलाऊ निरोप लिहायला ती ठीक होती, पण तिच्यावर शाळा शिकता आली नसती.

लुई तेव्हा बारा वर्षांचा होता. पुढची तीन वर्षं तो या पद्धतीशी झटत राहिला. वर्ग सुटल्यावर, रात्री, सुट्टीत गावी गेल्यावर. १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी जवळपास तयार होती.

त्याने दोन मोठे बदल केले. पहिला, बाराऐवजी सहाच ठिपके. दोन रांगा, प्रत्येकीत तीन. एवढा चौकोन बोटाच्या टोकाखाली अलगद मावतो आणि एका स्पर्शात अख्खं अक्षर कळतं. दुसरा, आवाजांऐवजी अक्षरं. म्हणजे अंध मुलाला डोळस मुलासारखंच स्पेलिंगसकट वाचता-लिहिता येणार.

सहा ठिपक्यांत काय काय बसतं? प्रत्येक ठिपका एकतर आहे किंवा नाही. असे सहा ठिपके म्हटले की ६४ जुळण्या होतात. पूर्ण कोरी जागा सोडली तर ६३. त्यांच्यातही लुईने एक शिस्त लावली. पहिली दहा अक्षरं फक्त वरच्या चार ठिपक्यांत. पुढची दहा म्हणजे तीच, फक्त खाली डावीकडे एक ठिपका जास्त. त्यापुढच्यांना खालचे दोन्ही ठिपके. दहा खुणा पाठ झाल्या की बाकीच्या आपोआप जमतात. फ्रेंचमध्ये तेव्हा डब्ल्यू जवळपास वापरातच नव्हता, म्हणून तो या रांगेत नाही. तो मागाहून आला आणि आजही त्याची खूण या शिस्तीत बसत नाही.

पहिली दहा अक्षरंच आकडेही झाली. आधी आकड्याची खूण द्यायची, की ए चा एक होतो. लुई स्वतः चेलो आणि ऑर्गन उत्तम वाजवायचा, पुढे त्याने पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणूनही काम केलं. त्यामुळे याच ठिपक्यांत त्याने संगीतही बसवलं.

लिहायची पद्धत साधी. खाचा असलेल्या पाटीवर कागद ठेवायचा, वर चौकोनांची पट्टी लावायची आणि टोच्याने एकेक ठिपका टोचायचा. ठिपका कागदाच्या मागच्या बाजूला उठतो, म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे जायचं. कागद उलटला की डावीकडून उजवीकडे वाचता येतं. ज्या आरीने लुईचा डोळा गेला, ती आणि हा टोच्या यांचं काम जवळपास सारखंच आहे.

१८२९ मध्ये लुईने ही पद्धत पुस्तकरूपात मांडली. त्यात त्याने बार्बिएचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. गंमत म्हणजे हे पुस्तक छापलं होतं आवीच्याच उठावाच्या रोमन अक्षरांत. सुरुवातीच्या रूपात ठिपक्यांसोबत काही आडव्या रेघाही होत्या. त्या टोचायला आणि ओळखायला अवघड जायच्या. १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या गेल्या आणि नुसते ठिपके उरले.

मग शाळेनेच ती बंद केली

तोवर लुई त्याच शाळेत शिक्षक झाला होता. मुलं ही लिपी भराभर शिकत होती, वह्या लिहीत होती. संचालक पिनिए यांचा त्याला पाठिंबा होता. पण लिपीला अधिकृत मान्यता नव्हती. आणि १८४० मध्ये पिनिए यांना पायउतार व्हावं लागलं. त्यांच्या जागी आर्मां द्युफो आले.

द्युफोंनी ब्रेल बंद केली आणि पुन्हा उठावाची रोमन अक्षरं आणली, फक्त नव्या धर्तीची.

त्यामागचं म्हणणं असं की अंधांची लिपी वेगळी झाली तर ते डोळस समाजापासून तुटतील, म्हणून सगळ्यांना वाचता येईल अशीच अक्षरं हवीत. ऐकायला हा विचार उदार वाटतो. पण या 'सगळ्यांत' ज्याला ते पुस्तक वाचायचं होतं, तो विद्यार्थीच नव्हता. डोळस शिक्षकांना नवी लिपी शिकायची नव्हती, म्हणून अंध मुलांनी त्यांना न झेपणाऱ्या लिपीत वाचायचं, असा त्याचा सरळ अर्थ होत होता.

मुलांनी काय केलं? चोरून ब्रेल वापरली. एकमेकांना शिकवली, चिठ्ठ्या लिहिल्या, टिपणं ठेवली. ज्या मुलाने एकदा स्वतःच्या हाताने लिहिलेलं स्वतः वाचलं आहे, त्याच्याकडून ते काढून घेणं शाळेला जमलं नाही.

उपसंचालक जोझेफ ग्वादे यांनी हे पाहिलं आणि ते ब्रेलच्या बाजूने उभे राहिले. फेब्रुवारी १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीचा उद्घाटन समारंभ होता. पाहुण्यांसमोर ग्वादे यांनी लुईच्या लिपीची माहिती दिली आणि मुलांकडून लिहून-वाचून दाखवलं. त्यानंतर बंदी टिकली नाही.

डोळसांसाठीही त्याने लिपी केली

डोळसांपासून तुटण्याचा मुद्दा लुईने दुर्लक्षिला होता असं नाही. बंदीच्या आधीच, १८३९ मध्ये, त्याने आणखी एक पद्धत प्रसिद्ध केली होती. नाव देकापॉइंट. यात ठिपक्यांच्या जाळीवर टोचून नेहमीच्या रोमन अक्षराचा आकार उमटवायचा. म्हणजे अंध मुलगा घरी आईला पत्र पाठवू शकेल आणि आई ते डोळ्यांनी वाचू शकेल.

एकेक अक्षर असं टोचायला फार वेळ लागायचा. म्हणून लुईचा अंध मित्र पिएर फूको याने १८४१ मध्ये त्यासाठी यंत्रच बनवलं. ठिपक्यांतून अक्षर छापायची ही कल्पना पुढे शतकभराने डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये दिसली. रेल्वेचं जुनं तिकीट आठवून पाहा, त्यावरची अक्षरं अशाच ठिपक्यांची असायची.

म्हणजे लुईचं उत्तर असं होतं की अंध माणसाला वाचायला बोटाची लिपी हवी आणि डोळस माणसाला लिहायला डोळ्याची. दोन्हींसाठी एकच साचा पुरणार नाही.

गेला तेव्हा कोणाला कळलंही नाही

विशीतच लुईला क्षयाने गाठलं होतं. मध्येमध्ये तब्येत सुधारायची, पुन्हा ढासळायची. ६ जानेवारी १८५२ रोजी, वयाची ४३ वर्षं पूर्ण होऊन दोनच दिवस झाले असताना, शाळेच्याच दवाखान्यात तो गेला. कुव्रेला त्याच्या गावी त्याला पुरण्यात आलं.

त्याच्यामागे एक छोटी पेटी निघाली. ती न उघडता जाळा, असं त्याने सांगून ठेवलं होतं. त्याच्या मित्राने लिहून ठेवलंय की पेटी उघडली तेव्हा आत विद्यार्थ्यांना वेळोवेळी उसने दिलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या होत्या. त्या पैशांची मागणी कोणाकडे होऊ नये, एवढाच त्याचा हेतू.

तो गेल्यावर दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, शाळेने ब्रेल अधिकृतपणे स्वीकारली. १८७८ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिच्या बाजूने कौल दिला. १९५२ मध्ये, मृत्यूला शंभर वर्षं झाल्यावर, त्याचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, फ्रान्सच्या थोरामोठ्यांशेजारी नेण्यात आले. फक्त हात मात्र कुव्रेच्या लोकांनी आपल्याकडेच ठेवून घेतले.

मराठी ब्रेल कशी चालते?

भारतात ब्रेल आली तेव्हा वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या पद्धती सुरू झाल्या. एका शाळेतलं पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या मुलाला वाचता यायचं नाही. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. मराठीही त्यातच लिहिली जाते.

यात शक्य तिथे लुईच्याच खुणा ठेवल्या आहेत. त्याच्या के ची खूण म्हणजे आपला क, एम ची म्हणजे म, एल ची म्हणजे ल. छापील मराठीत 'कि' लिहिताना वेलांटी क च्या आधी येते, ब्रेलमध्ये मात्र आधी क आणि मग इ, बोलतो त्याच क्रमाने. जोडाक्षरात अर्ध्या अक्षराच्या आधी एक ठिपका येतो. काना, मात्रा, वेलांटी वरखाली लागत नाहीत, सगळं एका ओळीत सरळ चालतं. कारण बोटही सरळच चालतं.

आता कागद गेला, ठिपके राहिले

'आहे किंवा नाही' अशा सहा खुणांची लुईची भाषा कॉम्प्युटरला चटकन कळते. १९९९ मध्ये युनिकोडमध्ये ब्रेलच्या २५६ खुणा सामील झाल्या. त्या २५६ आहेत, कारण कॉम्प्युटरवर आठ ठिपक्यांचा चौकोनही वापरतात. ब्रेल डिस्प्ले नावाच्या यंत्रात छोट्या पिना वरखाली होतात आणि पडद्यावरची ओळ बोटाखाली उमटते. हे यंत्र महाग आहे. पण अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये आता पडद्यावरच ब्रेल कीबोर्ड मिळतो. काचेवर सहा बोटं ठेवून टाइप करता येतं.

बहुतेक अंध विद्यार्थी आज स्क्रीन रीडर वापरतात. म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. पण त्याला वाचायला मजकूर लागतो. आणि इथेच आवीची अक्षरं वेगळ्या रूपात परत भेटतात.

वहीच्या पानाचा फोटो काढून केलेली पीडीएफ डोळ्याला मजकूर दिसते. स्क्रीन रीडरला ते निव्वळ चित्र असतं. काही अ‍ॅप चित्रातली अक्षरं ओळखायचा प्रयत्न करतात, पण हाताने लिहिलेलं मराठी, तक्ते, गणितं आली की गाडी अडते.

मराठीत आणखी एक घोळ आहे. वर्षानुवर्षं आपलं डीटीपी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये झालं. पडद्यावर क दिसतो, पण फाइलच्या आत एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं. डोळस वाचकाला काहीच फरक पडत नाही. स्क्रीन रीडर मात्र इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ वाचत सुटतो.

शिकवणीच्या व्हिडिओतही तेच. फळ्याकडे बोट दाखवून 'हे इथून इथे नेलं' असं म्हटलं की न बघता ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. 'दोन्ही बाजूंतून पाच वजा केले' असं म्हटलं तर लागतं.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने अपंग व्यक्तींसाठी पुस्तकं सुगम रूपात आणायची मुभा दिली. याच विषयावरचा २०१३ चा माराकेश करार भारताने सर्वांत आधी मंजूर केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम असावा असं सांगितलं. त्याच वर्षी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं.

पण क्लासच्या ग्रुपवर नोट्स टाकणारा माणूस कायदा उघडून बसत नाही. त्याने एवढं केलं तरी पुष्कळ आहे. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा. शीर्षकं फक्त ठळक न करता वर्डमधल्या हेडिंगने द्यावीत, म्हणजे स्क्रीन रीडरवाल्याला थेट हव्या त्या धड्यावर उडी मारता येते. चित्र टाकलं तर त्यात काय आहे ते दोन ओळींत लिहावं. आणि शक्य असेल तर ज्याला ते वाचायचंय, त्यालाच विचारावं की वाचता येतंय का. पॅरिसच्या शाळेने १८४० मध्ये नेमकं हेच विचारलं नव्हतं.

तपासायची सोपी युक्तीही आहे. पीडीएफ उघडा, एका शब्दावर बोट दाबून धरा आणि तो शब्द कॉपी करून मेसेजमध्ये पेस्ट करा. शब्द जसाच्या तसा उमटला तर स्क्रीन रीडरलाही तो वाचता येण्याची शक्यता चांगली आहे. बोटाखाली शब्द निवडलाच जात नसेल, किंवा भलतीच चिन्हं उमटत असतील, तर ती फाइल पुन्हा टाइप करावी लागेल.